गॅस बंद केला ना?
ताम्हिणीला निघालेल्या गाडीनं भूगाव ओलांडलं की मागच्या सीटवरून प्रश्न येतोच. मग पिरंगुटच्या कोंडीत अडकल्या अडकल्या शेजारच्या काकूंना फोन, चावी त्यांच्याकडे असतेच. "बंद आहे गं बाई, जा आता सुखानं," असं त्या म्हणाल्या की पौड येईपर्यंत विषय मिटतो. एवढ्यावरून स्वतःला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, झाल्याचं जाहीर करायची हल्ली टूम आहे. मंत्रचळात काकूंचं उत्तर पुरत नाही. रेग्युलेटरचा फोटो काढून निघणारे मला तर शहाणेच वाटतात; तोच फोटो मुळशी धरणाच्या काठावर पाण्याकडे पाठ करून पुन्हा पुन्हा मोठा करून पाहावा लागला, तर काळजी करावी. तपासणं रोज तासाहून जास्त वेळ खातं का, कामधंदा अडतो का, हे डॉक्टर विचारतात. गंमत अशी, की तपासून खात्री घटते. व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांनी २००३ साली संगणकावरची गॅसशेगडी लोकांना वारंवार तपासायला लावली; आठवण बरीचशी बरोबर राहिली, तिच्यावरचा भरवसा मात्र उडाला. म्हणून उपचारात समजूत काढत बसत नाहीत. शंका तशीच ठेवून मागे न फिरण्याचा सराव करून घेतात, गरजेप्रमाणे गोळ्याही देतात. घरच्यांचं पन्नासदा "हो रे, बंद आहे" म्हणणं प्रेमापोटीच, पण दुखणं पोसणारं. विचारायचंच असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात.