निजण्याची जागा

परवा तारापूरचा किल्ला पाहून एस्. टी.ने बोईसरला परतत होतो. हा किल्ला पोर्तुगीजांचा. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतला. शेजारच्या आजीबाईंच्या पिशवीत झेंडूची फुले आणि मेणबत्त्या.

"दिवाळीची खरेदी वाटतं?"

"नाही हो. उद्या २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. वसईला सिमेट्रीत जायचंय. आमच्या ह्यांना जाऊन वर्ष नाही झालं."

मी ओशाळलो. तोंडाशी आलेला ‘स्मशान’ हा शब्द गिळला. वास्तविक गिळण्याचे कारण नव्हते! ‘सिमेट्री’चे मूळ ग्रीक ‘कोइमेतेरिओन’, म्हणजे निजण्याची जागा. मेलेला माणूस निजला आहे, एके दिवशी उठेल, या श्रद्धेने आद्य ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला हे नाव दिले. पोर्तुगीजांचा ‘सेमितेरिउ’ त्याच कुळातला. जर्मन मंडळी तर ‘देवाचे शेत’ म्हणतात; पेरलेले उगवायचेच! आणि आपले स्मशान? यास्काचार्यांनी निरुक्तात फोड केली आहे: ‘श्म’ म्हणजे शरीर, त्याचे शयन. तेही अंथरूणच की!

न राहवून हे सारे आजीबाईंना सांगितले.

"झोपले असतील तर बरंच," त्या म्हणाल्या. "शेवटचे दोन महिने डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा."