पहिल्या पंधरवड्याची शिदोरी

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता कुमाऊंला गेलो होतो. अल्मोड्याच्या एका खाणावळीत ताटात करड्या रंगाची चटणी आली. आंबट, खमंग, झकास! कशाची म्हणून विचारले, तर वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "भांग की." सौभाग्यवतींचा घास हातातच राहिला. बिचारीला वाटले, आता आमचे हे बरळू लागणार! पण भांगेच्या बियांना नशा नसते; पहाडात त्या तिळासारख्या खातात.

परत आल्यावर हा किस्सा मी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला सांगितला. तो हसला नाही, शिकवू लागला. मास्तरच तो!

उत्तराखंडात २०१८ पासून धाग्यासाठी व बियांसाठी, नशेचा अंश नाममात्र असलेल्या भांगेची लागवड परवान्याने करता येते. असे वाण निवडायचे म्हणजे आधी बी पारखणे आले. ओल्या कागदावर बी ठेवायचे. तिसऱ्या दिवशी कोंब मोजायचे, सातव्या दिवशी पुन्हा. पण उगवण वेगळी आणि जोम वेगळा. ओल्या कागदावर सगळेच शहाणे; मातीची खपली फोडून तणाच्या आधी डोके वर काढील ते रोप जोमदार. शिवाय हे बी तेलकट. उबेत राहिले की खवट होते; आधी जोम जातो, मग उगवणही.

"म्हणजे आधी वर येईल तेच निवडायचे ना?" मी विचारले.

"नवखा तिथेच फसतो," मित्र म्हणाला. "पहिल्या पंधरवड्यातला जोम पुष्कळदा रोपाचा नसतोच, आईचा असतो. सुखात वाढलेल्या झाडाचे बी टपोरे, त्यात शिदोरी जास्त. ती सरल्यावर कोण कसे वाढते ते पाहावे. आणि तुलना करायची तर बी एकाच वर्षाचे, एकाच शेतातले घ्यावे."

मी गप्प झालो. गेल्या वर्षी खेड्यातून आलेल्या एका मुलाला पहिल्या चाचणीनंतरच मी सांगून टाकले होते, "मराठी विषय तुला झेपायचा नाही." घरी पुस्तकांचे कपाट असलेली मुले तेव्हा पुढे होती. शिदोरी आईबापांची, शाबासकी मात्र मी मुलांना दिली.

जूनमध्ये कॉलेज उघडताच त्याला जिन्यात गाठले. "येतोस का रे परत मराठीला?"

तो ओशाळून म्हणाला, "आता विषय बदलून वर्ष झालं, सर."

यंदाही पहिली चाचणी घेतली. गुण दिले, शेरा मात्र कुणालाच लिहिला नाही. तो दिवाळीनंतर लिहीन, शिदोरी सरल्यावर.