पैसे कशाचे?

आरोग्य योजनेचा कागद हाती आला की मी आधी पैशांचा रकाना बघतो. दारोदार फिरणाऱ्या बाईला नेमके कशाचे पैसे मिळतात? योजनेचा हेतू प्रस्तावनेपेक्षा तिथे लवकर कळतो.

बांगलादेशात १९८० साली ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने हगवणीवरचं मीठ-गुळाचं पाणी घरोघरी शिकवायला घेतलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मीठ जास्त पडलं तर बाळाच्या जिवावर बेतायचं, म्हणून शिकवणारी ते पाणी आईकडूनच करवून घ्यायची, घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची. दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरं झाली. पण मला भावतो तो पगाराचा हिशेब. नुसती घरं पालथी घालून भागत नसे. काही आठवड्यांनी दुसराच कुणी निवडक घरी जाऊन आईला प्रश्न विचारायचा, पाणी करून दाखवायला सांगायचा. तिच्या लक्षात किती राहिलं, त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. (आपल्या शिकवणी वर्गांना हा नियम लावला तर? असो.)

इतकं करूनही गाडं अडलंच. कृती तोंडपाठ, पण मूल आजारी पडल्यावर पाणी करणाऱ्या आया थोड्याच. चौकशी केली तेव्हा कळलं, शिकवणाऱ्यांचाच या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या औषध घेत. मग हे पाणी शरीरात काय करतं, ते त्यांना नीट समजावलं. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. बाजारात, मशिदीत, शाळेत जाऊन तेही सुरू झालं, तसा वापर वाढला.

आपल्याकडे आशाताईंना कामागणिक मोबदला. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतच्या घरभेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. भेटी मोजायला सोप्या, म्हणून त्या मोजायच्या. आईच्या आठवणीवर पैसे ठरवा, असं मी म्हणणार नाही. आधीच तुटपुंज्या रकमेला आणखी एक अट कशाला? पण जलसंजीवनीची पाकिटं वाटणाऱ्या ताईंना, ‘तुमच्या लेकराला हगवण लागली तर आधी काय देता?’ एवढं तरी विचारावं. उत्तर ‘गोळी’ आलं, तर त्यांना नोटीस काढू नये. त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांना गाठावं.