पांढरं पडणं म्हणजे गोरं होणं नव्हे!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. दहावीनंतर मराठी लिहायची सवयच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठी विभागातच लिहायचा होता. कारण ज्या ट्यूबमुळे तो सुचला, तिच्यावरच्या सगळ्या सूचना इंग्रजीत होत्या आणि त्याही मुंगीएवढ्या अक्षरात.

ट्यूब माझ्या रूममेटची. (तिला विचारूनच लिहितेय, नाव मात्र नाही.) मावसबहिणीचं लग्न जवळ आलं होतं, म्हणून ती एका मेडिकलमधून 'गोरं व्हायचं क्रीम' घेऊन आली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आठवड्याभरात म्हणाली, "ए, बघ ना, फरक पडलाय की नाही?" आणि खरंच पडला होता! खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं, मला पण दे थोडं. ती विसरली म्हणून मी वाचले. लग्न झालं, पी.एल. लागली, तिने क्रीम बंद केलं आणि चेहरा लालबुंद झाला. आग, पुरळ, उन्हात पाऊल टाकता येईना. डॉक्टरबाईंनी ट्यूबची मागची बाजू वाचली आणि एकच शब्द बोलल्या, "स्टेरॉइड."

आता तुम्ही म्हणाल, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला यात काय पडलंय? तेच सांगते.

1962 साली मॅकेन्झी आणि स्टाउटन या दोघांनी स्टेरॉइडची ताकद मोजायची एक साधी पद्धत मांडली. औषधाचे थेंब हातावर लावायचे, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि दुसऱ्या दिवशी कुठली जागा किती पांढरी पडली ते बघायचं. स्टेरॉइडमुळे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, म्हणून ती जागा फिकट दिसते. जितकं फिकट, तितकं औषध जोरदार. अमेरिकेच्या एफडीएने 1995 मध्ये स्वस्त पर्यायी क्रीम मूळ औषधाइतकंच चालतं का हे तपासायला हीच पद्धत सुचवली. म्हणजे बघा, प्रयोगशाळेत जे औषधाचं रीडिंग, तेच आपल्याकडे दुकानात गोरेपणा म्हणून विकलं जातं! पहिल्या काही दिवसांच्या 'फरका'त अशा आकसलेल्या रक्तवाहिन्यांचा हात असतो. पुढे लावत राहिलं तर रंगद्रव्यही कमी होतं, कातडी पातळ होते आणि क्रीम बंद केलं की त्याच रक्तवाहिन्या फुगून सूड उगवतात. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना असे चेहरे इतके दिसले की त्यांनी त्याला टीएसडीएफ असं नावच देऊन टाकलं. 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठीचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. ते 'पांढरं' बघणार कोण? सुरुवातीला डोळ्यांनीच बघून मार्क द्यायचे. गोऱ्या हातावर ते जमेल, माझ्या हातावर? माझी रक्तवाहिनी तेवढीच आकसेल, पण वर मेलॅनिनचा पडदा आहे, बघणाऱ्याला तेवढं दिसणार नाही. म्हणून इथे ऑप्टिक्स लागतं.

फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमधला लेझर आठवतोय? हीलियम-निऑन, 632.8 नॅनोमीटर, ग्रेटिंग लावून वेव्हलेंग्थ काढायची. तेव्हा भिंतीवरच्या लाल ठिपक्यात रवाळ, चमचमणारे कण दिसायचे. आम्हाला सांगितलं होतं, तिकडे लक्ष देऊ नका. ते कण म्हणजे स्पेकल! खडबडीत पृष्ठभागाच्या वेगवेगळ्या बिंदूंवरून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळून ते बनतात. भिंत स्थिर, म्हणून कणही स्थिर. हातावर लेझर पाडला तर खाली तांबड्या पेशी धावत असतात, त्यामुळे कण थरथरतात. कॅमेऱ्याने काही मिलिसेकंदांचा फोटो काढला की जिथे रक्त जास्त वाहतंय तिथे कण पुसट होतात. फोटोचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सरासरी काढायची. झाला रक्तप्रवाहाचा नकाशा! फर्चर आणि ब्रायर्स यांनी ही कल्पना 1981 मध्ये मांडली. आणि गणित? आपण व्हायवाला घोकतो तेवढंच.

याच्या उलट प्रयोग मिरचीचा. मेसमध्ये ठेचा करायला मदत केलीय कधी? हाताची जी आग होते ती कॅप्सेसिनमुळे. ते मनगटाच्या वर लावलं तर कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं सीजीआरपी नावाचा पदार्थ सोडतात आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. गंमत म्हणजे लाली लावलेल्या जागेच्या बाहेरही पसरते, म्हणजे निरोप मज्जातंतूंमधून जातो. मायग्रेनवरची सीजीआरपी अडवणारी औषधं बनवताना हाच प्रयोग वापरला गेला. हातावर कॅप्सेसिन लावायचं, औषध द्यायचं आणि रक्त वाढायचं थांबतं का ते लेझरने बघायचं. डोकं न उघडता डोकेदुखीच्या औषधाची परीक्षा! मला तर हे वाचून रात्री झोप आली नाही. (दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, ते वेगळं.)

मात्र लेझर आला म्हणून मेलॅनिनचा प्रश्न मिटत नाही. 2021 मध्ये घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवा. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी छापून आल्या. यंत्र 92 ते 96 टक्के ऑक्सिजन दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात 88 पेक्षा कमी निघाला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के तपासण्यांत आढळलं आणि गोऱ्यांच्या 3.6 टक्के. स्पेकलमध्ये 785 नॅनोमीटरसारखा इन्फ्रारेड लेझर घेतला तर मेलॅनिन कमी आडवं येतं. तरी गडद कातडीतून प्रकाश कमी परततो, कॅमेऱ्याचा नॉइज वाढतो आणि भागाकार बिघडतो. ही चूक कोण दुरुस्त करणार? ज्यांच्या वर्गात सगळ्या छटांचे हात आहेत त्यांनी. आपल्या एका बॅचमध्ये गव्हाळ, सावळे, काळेभोर, सगळे सापडतील.

"हे मेडिकलवाल्यांचं काम," असं सर म्हणतील, मला माहीत आहे. पण सर, ऑक्सिमीटर डॉक्टरांनी थोडाच बनवला? दर वर्षी आपल्याकडे लाइन फॉलोअर रोबो, स्मार्ट डस्टबिन आणि अटेंडन्स सिस्टीम होतात. (अटेंडन्स तरी वाढतो का?) त्यातल्या एका ग्रुपला लेझर डायोड, कॅमेरा, लेन्स आणि डोळ्यांचे गॉगल द्या. कुणाच्याही हातावर कुठलंही रसायन लावायचं नाही. ते एथिक्स कमिटी आणि डॉक्टर असतील तेव्हाच. सुरुवातीला दंडाला बीपीचा पट्टा आवळायचा, रक्त थांबतं, सोडला की उसळतं. ही चाल वेगवेगळ्या रंगाच्या हातांवर नकाशात सारखी दिसते का, एवढंच मोजायचं. माझ्या मते एका वर्षाच्या प्रोजेक्टला हे भरपूर झालं.

रूममेटचा चेहरा आता बराच निवळलाय, पण ऊन अजून सोसत नाही. सेट-अप झाला तर पहिला हात माझा, असं तिने सांगून ठेवलंय. ट्यूब मात्र मी फेकू दिली नाही, ती माझ्या टेबलावर आहे. मागची अक्षरं वाचायची असतील त्यांनी रूमवर यावं, भिंग मी देईन.