बॅटरी म्हणजे रांजण नव्हे

नळाला पाणी आले की घागर, हंडा, पिंप, एवढेच काय, भाजीचे पातेलेही काठोकाठ भरून ठेवायचे, हा लातूरकरांचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. ज्या शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आलेले पाणी पाहिले, त्याला या सवयीबद्दल बोल लावण्याचे धाडस कोणी करू नये. विजेच्या बाबतीतही मराठवाड्याचा अनुभव फारसा निराळा नव्हता. भारनियमनाच्या वर्षांत वीज जाण्यायेण्याच्या वेळा घरोघरी पाठ असत आणि ती असेतो जे भरता येईल ते भरून घेण्यातच शहाणपण असे. हीच रांजण भरण्याची वृत्ती आता खिशातील मोबाईल फोनपर्यंत पोहोचली आहे. रात्री निजताना फोन चार्जरला जोडायचा, उशीखाली सारायचा आणि सकाळी शंभराचा आकडा पाहून समाधान मानायचे! दुर्दैव असे की, पाण्याच्या बाबतीत जे शहाणपण, तेच बॅटरीच्या बाबतीत नुकसान ठरते.

याचे कारण बॅटरीच्या घडणीतच आहे. आजच्या बहुतेक सर्व फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. ती १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली आणि तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्ज होताना लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून निघून दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि फोन वापरताना परत फिरतात. ही येरझार निर्दोष नसते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिच्यातील विद्युतदाब सर्वाधिक असतो. त्या ताणाखाली आतील द्रावणाचे हळूहळू विघटन होते, इलेक्ट्रोडवर पुटे चढतात आणि त्यांत थोडेथोडे लिथियम कायमचे अडकून पडते. गेलेली क्षमता कोणत्याही उपायाने परत येत नाही. बॅटरी पार शून्यावर नेऊन मग भरावी, हा जो सल्ला वडीलधारी मंडळी अजूनही देतात, तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. तिला तो लागू होता, हिला तो घातक आहे.

परंतु या क्षेत्री खरा शत्रू आहे तो उष्णता. ॲपलसारखी कंपनी आपल्या ग्राहकांना सांगते की, भोवतालचे तापमान ३५ अंशांपलीकडे गेल्यास बॅटरीच्या क्षमतेची कायमची हानी होऊ शकते. सल्ला योग्यच आहे. पण तो देणाऱ्याने नांदेडचा मे महिना पाहिलेला नसावा! जेथे पारा बेचाळीस अंशांपलीकडे जाणे ही बातमीही उरलेली नाही आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीत त्याहूनही अधिक काहिली असते, तेथे ३५ अंशांची मर्यादा पाळायची कशी? वारंवार उद्धृत होणाऱ्या एका मापनानुसार, पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंश तापमानात वर्षभर ठेवली तर तिची सुमारे एकतृतीयांश क्षमता नष्ट होते. तीच चाळीस टक्के भरून ठेवली तर हानी पंधरा टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे उन्हाळा टाळणे हाती नसले, तरी उन्हाळ्यात शंभराचा हट्ट टाळणे हाती आहे.

लातुरात शिकवणीसाठी आलेल्या विद्यार्थ्याची खोली डोळ्यांसमोर आणावी. चौघांत विजेचे एक बटण, त्याला जोडलेली मल्टिप्लगची पट्टी, गादीवर पडलेले चार फोन आणि चार्जिंग चालू असतानाच त्यांवर चाललेले ‘नीट’चे व्याख्यान. फोन स्वतः तापतो, चार्जिंगने तापतो आणि गादी ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. येथे करावयाचे ते अगदी साधे आहे. फोन फरशीवर वा टेबलावर ठेवावा, जाड कव्हर काढावे, चार्जिंग होईतो व्याख्यान थांबवावे. दुपारी दोन वाजता फोन जोडण्यापेक्षा पहाटे पाच वाजता जोडावा. वीस-पंचवीस टक्क्यांवर आला की लावावा आणि ऐंशीच्या सुमारास काढावा. अनेक नव्या फोनमध्ये ऐंशीला थांबण्याची सोयही असते, ती शोधून चालू करावी. दिवसातून दोनदा थोडेथोडे भरल्याने बॅटरी झिजते हा निव्वळ गैरसमज आहे. दोनदा पन्नास-पन्नास टक्के भरले, तर ते एकच आवर्तन धरले जाते. घाई नसेल तेव्हा जलद चार्जर बाजूला ठेवावा आणि फोन दुचाकीच्या डिकीत उन्हात कधीही सोडू नये.

अर्थात, याचेही सोवळे होऊ नये. निवडणुकीच्या कामासाठी किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात निघालेल्या शिक्षकाने ऐंशीचे गणित मांडत बसणे हास्यास्पद होईल. त्याने निघण्यापूर्वी शंभर टक्के भरावे आणि खुशाल वापरावे. शंभर होणे हा अपराध नव्हे, शंभरावर तासन् तास तापत राहणे हा आहे.

फोन दोन-तीन वर्षांत बदलायचाच, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न पुण्या-मुंबईकडे विचारला जात असेल. येथील कारकुनाच्या घरात फोन बदलला जात नाही, तो वडिलांकडून मुलीकडे जातो. त्याच फोनवर तिचा अभ्यास चालतो, त्यावरच बँकेचा व्यवहार होतो आणि गावाकडील शेताची ई-पीक पाहणीही २०२१ पासून त्यावरच नोंदवावी लागते. शासनाने कागद काढून घेऊन फोन हाती दिला असेल, तर दुपारीच मान टाकणारा फोन ही खाजगी गैरसोय राहत नाही.

म्हणूनच सारा भार ग्राहकाच्या सवयींवर टाकून उत्पादकांना मोकळे सोडणे न्याय्य नाही. एके काळी फोनचे पाठीमागचे झाकण नखाने उघडून नवी बॅटरी बसवता येत असे. आज ती डिंकाने चिकटवून बंदिस्त केलेली असते आणि ती बदलण्याचा खर्च ऐकून माणूस नव्या फोनकडे वळतो. युरोपीय संघाने जून २०२५ पासून असा नियम लागू केला की, फोनच्या बॅटरीने आठशे आवर्तनांनंतरही ऐंशी टक्के क्षमता राखलीच पाहिजे. भारतात २०२२ च्या नियमांनी निकामी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्या किती काळ टिकाव्यात, याबद्दलही असेच बंधन येथे हवे. आणि ते घालताना चाचणी पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत नव्हे, तर नांदेडच्या मे महिन्याच्या तापमानात व्हावी, अशी अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहिली जावी.