काळ कोणाचा लिहिला जातो?

'क्रोनोग्राफ' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द रुळला नाही. त्याच्या ग्रीक घटकांचा सरळ अर्थ 'काळ लिहिणारा' असा होतो, आणि आरंभी हे वर्णन अक्षरशः खरे होते. १८२१ साली निकोला रिउसेक या फ्रेंच घड्याळजीने पॅरिसमधल्या घोड्यांच्या शर्यतीत जे यंत्र वापरले, ते कळ दाबताच फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका उमटवीत असे. पुढे शाई गेली. मनगटावरच्या क्रोनोग्राफमध्ये कळ दाबली की काटा धावतो, पुन्हा दाबली की थांबतो, आणि आणखी एका दाबाने शून्यावर येऊन सारे पुसून टाकतो. लिहिणे संपले, नाव तेवढे उरले.

परंतु संग्राहकांच्या जगात हे घड्याळ पुन्हा लेखनाकडेच वळलेले दिसते. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीने १९४१ साली '१५१८' या क्रमांकाचा क्रोनोग्राफ बाजारात आणला. त्यात लीप वर्षाचा हिशेब आपोआप ठेवणारी दिनदर्शिकाही होती. अशी एकंदर २८१ घड्याळे बनली, आणि त्यांतली बहुतेक सारी सोन्याची. पोलादाची आजवर अवघी चार ठाऊक आहेत. त्यांपैकी एक २०१६ साली जिनिव्हातील लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. सोन्याने पोलादापुढे हार खावी, हा आमच्या सराफी संस्कारांना धक्काच आहे. पण येथे बोली धातूवर लागत नाही, ती लागते दुर्मिळतेवर आणि नोंदीवर. तबकडी मूळची की बदललेली, कवचाला पॉलिश झाले आहे काय, सोबतची पेटी नि कागद शाबूत आहेत काय, घड्याळ कोणाकोणाच्या हातून आले, असे प्रश्न तेथे विचारले जातात. पाठचिकित्सेचा तास घेणाऱ्या कोणालाही ही परिभाषा परकी वाटणार नाही; भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहणारे विद्वान आणि हा लक्षाधीश संग्राहक यांच्यात एवढे तरी नाते निघते. कंपनी स्वतःच्या दप्तरातून त्या विशिष्ट घड्याळाच्या निर्मितीचे साल आणि पहिल्या विक्रीची तारीख सांगणारा उतारा देते. एका यंत्राला आपल्या जन्माचा दाखला मिळतो.

या कारागिरीविषयी आम्हांला आदर आहे. इवल्याशा तरफा आणि चाके हाताने घासून घेणारा माणूस आमच्या मते कलावंतच होय. आमचा आक्षेप त्या घड्याळाभोवती उभ्या केलेल्या भाषेवर आहे. याच कंपनीची जाहिरात गेली काही दशके असे सुचवीत आली आहे, की या घड्याळाचे तुम्ही मालक नसता, पुढच्या पिढीसाठी त्याचे राखणदार असता. वाक्य म्हणून ते कुशल आहे. पण हा भाव मुळात जमिनीचा आहे, रानाचा आहे. तो तेथून उचलून तिजोरीत ठेवला गेला आहे.

हे आम्हांला विशेष जाणवते, कारण आमचे वास्तव्य कर्जत-खालापूरच्या मुलखात आहे. मुंबईकरांची फार्महाउसे आणि ठाकरांच्या वाड्या येथे एकाच डोंगराच्या कुशीत आहेत. 'ठाकुरवाडी' हे नाव रेल्वेलाही ठाऊक आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर जांब्रुंग आणि नागनाथ यांच्यामध्ये ते येते, पण तांत्रिक थांबा म्हणून. १:३७ च्या त्या चढउतारावर गाड्यांचा हिशेब मिनिटांत ठेवला जातो आणि नोंदवला जातो. वाडीत राहणाऱ्यांच्या काळाची नोंद मात्र त्यांच्याकडेच मागितली जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण ही वनजमीन कसत होतो, हे दाखवावे लागते. कंपनीच्या दप्तरातून मिळतो तसा उतारा त्यांना कोण देणार? रानाची राखण पिढ्यान्‌पिढ्या झाली, पण क्रमांक कोणी कोरला नाही. नोंद नसणे म्हणजे काय, हे खालापूर तालुक्याने १९ जुलै २०२३ च्या रात्री पाहिले. इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ही ठाकरवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती.

आमच्या विद्याशाखेला या प्रकरणी करण्यासारखे काही आहे. वनहक्क नियमांतील पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले जबाब ग्राह्य धरले आहेत. फक्त जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा. म्हणजे मौखिक साक्षीला कायद्याने कागदाची प्रतिष्ठा दिली आहे. मराठीचे विभाग ठाकरांची गाणी गोळा करतात, लग्नातल्या धवलेरीच्या ओळी टिपून प्रबंधाला जोडतात, आणि ज्या आजीने ती गायिली तिला तिचे शेत कधीपासूनचे, हे विचारायचे राहून जाते. लोकसाहित्याच्या पदव्युत्तर प्रकल्पात हे दोन्ही प्रश्न एकत्र का विचारले जाऊ नयेत? ध्वनिमुद्रण, लिप्यंतर, बोलीतला शब्द न बदलता तो उतरवणे, हे तर आम्ही शिकवतोच. जबाब उतरवल्यावर तो वाचून दाखवावा, अंगठा किंवा सही घ्यावी, आणि एक प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावी. एकट्या जबाबावर भागत नाही, आणखी एक तरी पुरावा लागतो. तेव्हा विद्यार्थ्यांनी बांध, विहीर, दफनभूमी, देवाची जागा हेही पाहून, लिहून आणावे.