साकेचे संस्कार आणि साकेवरील उतारे

जपानात तांदळापासून जे मद्य तयार करतात त्यास साके म्हणतात. ह्या मद्याभोवती शतकानुशतके अनेक युक्त्या गोळा झाल्या आहेत. काही साके अधिक चांगली व्हावी म्हणून, तर काही ती प्याल्यानंतर दुसऱ्या दिवशी होणारा त्रास टळावा म्हणून. दोन्ही प्रकारच्या युक्त्या लोकांनी सारख्याच श्रद्धेने जपल्या. कसोटीला लावल्यावर मात्र दोहोंचा निकाल सारखा लागला नाही.

साके करताना वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. तिच्यामुळे तांदळातील पिष्टाची साखर होते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल बनवते. ही क्रिया नाजूक असल्यामुळे पूर्वीच्या कारागिरांना प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत काही गुण आहे असे वाटे. नाडा ह्या प्रांतातील यामामुरा ताझाएमोन ह्या मद्योत्पादकाच्या दोन भट्ट्या होत्या, एक उओझाकी येथे व दुसरी निशिनोमिया येथे. निशिनोमियाची साके नेहमीच सरस उतरे. अशा वेळी माणूस कारागिराच्या हाताला किंवा देवाच्या कृपेला यश देऊन मोकळा होतो. यामामुराने तसे केले नाही. त्याने दोन्हीकडील मुख्य कारागीर अदलाबदल करून पाहिले, तांदूळ सारखाच वापरून पाहिला. तरी फरक कायम राहिला. अखेर निशिनोमियाचे पाणी उओझाकीस नेऊन साके केली, तेव्हा तीही तितकीच उत्तम झाली. ही गोष्ट १८४० सालची म्हणून सांगितली जाते. पुढे त्या विहिरींचे पाणी विकण्याचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. त्या पाण्यात लोह अत्यल्प असून फॉस्फरस व पोटॅशियम भरपूर आहेत, हे रसायनशास्त्राने मागाहून दाखवले. लोहामुळे साकेस तांबूस रंग येतो आणि चव बिघडते. यामामुराला ह्यातील काहीच ठाऊक नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एवढे मात्र त्याला ठाऊक होते. आणि विज्ञानाचा निम्मा संसार एवढ्यावरच चालतो.

साके टिकावी म्हणून ती तापवण्याची रीतही अशीच जुनी. नारा येथील तामोन-इन मठाच्या सोळाव्या शतकातील रोजनिशीत तिची नोंद आढळते. पाश्चरचे प्रयोग त्यानंतर तीनशे वर्षांनी झाले. उलट, तांदूळ व कोजी ह्यांचे मिश्रण हिवाळ्याच्या रात्री तासन् तास दांड्यांनी घोटलेच पाहिजे, ही समजूत मात्र टिकली नाही. सरकारने १९०४ साली स्थापन केलेल्या मद्य-संशोधन संस्थेने १९०९ साली दाखवून दिले की, कोजी आपले काम न घोटताही करते. कित्येक मजुरांचे रात्रीचे श्रम एका प्रयोगाने वाचले. रुष्ट नोकराने पिंपात राख टाकली आणि गढूळ साके नितळ झाली, ही दंतकथा खरी असो वा नसो, राखेतील क्षार आंबटपणा कमी करतो हे खरे आहे, आणि राख घातलेले मद्य कुमामोतो भागात आजही होते.

आता पिणाऱ्याच्या युक्त्या पाहू. अमुक धातूच्या पेल्यात साके मऊ लागते, चिमूटभर मिठाने ती खुलते, असे जाणकार सांगतात. त्यांची जीभ खोटे बोलते असे नाही; परंतु आपण काय पीत आहोत हे तिला आधीच कळलेले असते. म्हणून परीक्षा घेणारे तीन पेले पुढे ठेवतात, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता, एवढेच सांगायचे. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते. तेव्हा एकदोन वेळच्या यशाला किंमत नाही, पुष्कळ वेळा करून पाहावे लागते. शाळांत हीच परीक्षा दोन विहिरींच्या पिण्याच्या पाण्यावर घेता येईल, आणि मौज कमी होणार नाही.

दुसऱ्या दिवसाच्या डोकेदुखीस व मळमळीस जपानी भाषेत ‘फुत्सुकायोइ’, म्हणजे दोन दिवसांची नशा, असे म्हणतात. तिच्यावर उमेबोशी नावाचे खारवलेले आंबट फळ, शिजिमी शिंपल्यांचे सार, पर्सिमॉन, हळदीचे पेय असे कितीतरी उतारे आहेत. सकाळी पुन्हा थोडी साके घेण्याचाही एक आहे. त्याने दुखणे फक्त पुढे ढकलले जाते. ह्या सर्वांची ख्याती एकाच कारणावर उभी आहे: हा त्रास बहुधा दिवसाभरात आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या दिवशी जे काही पोटात जाईल ते औषध ठरते. अशा उपायांच्या २१ चाचण्यांचा आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला; खात्रीलायक म्हणावा असा पुरावा त्यात एकाही उपायासाठी मिळाला नाही. निरनिराळी मद्ये एकापाठोपाठ एक प्याल्याने त्रास वाढतो, हीही समजूत जपानात आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९० स्वयंसेवकांना बिअर व वाइन देऊन पाहिले. क्रम उलटा केला, एकच मद्य दिले, तरी त्रासात फरक पडला नाही. शिवाय सुमारे ४० टक्के जपानी लोकांत ॲसिटाल्डिहाइड ह्या विषारी द्रव्याचा निचरा जन्मतःच मंद असतो. म्हणून एकाच्या अनुभवावरून दुसऱ्यास सल्ला देणे तेथे तर अधिकच फसवे आहे.

भट्टीवाल्याच्या हातून चूक झाली तर पिंप नासे आणि भांडवल बुडे, म्हणून त्याने युक्त्या पारखल्या. पिणाऱ्याला ती गरज कधी पडली नाही. त्याला तर उतारा खरा असावा असेच वाटते, कारण त्याच्या भरवशावर आणखी एक पेला घेता येतो. एक गो, म्हणजे १८० मिलिलिटर साकेत सुमारे २२ ग्रॅम अल्कोहोल असते, आणि प्रौढ मनुष्याचे शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटू शकते. रात्री ११ वाजेपर्यंत तीन गो प्यालेला मनुष्य सकाळी हळदीचे पेय घेऊन, डोके हलके झाले असे मानून, ६ वाजता मोटार बाहेर काढतो, तेव्हा त्याच्या रक्तात अल्कोहोल उरलेले असू शकते.